रॅकूनसाठी फासा, मिंकची वाट सोडून

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रॅकूनच्या (तोंडावर काळा पट्टा आणि शेपटीला कडी असलेलं जनावर) ट्रॅपिंगचा सीझन ८ नोव्हेंबरला उघडतो आणि मिंकचा (मुंगसाएवढं, मऊ केसांचं जनावर) १५ नोव्हेंबरला. म्हणजे मधले सात दिवस असे की ओढ्यात ट्रॅप लावायला परवानगी आहे, पण त्यात मिंक सापडता कामा नये. आणि ही दोन्ही जनावरं त्याच ओढ्याला असतात, बहुतेक रात्रीचीच फिरतात, खातातही बरंचसं तेच, खेकड्यासारखे क्रॉफिश, बेडूक, मासे. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा ओढ्याला ट्रॅपची लाईन लावली तेव्हा हे सात दिवस कसे गेले ते सगळं लिहून ठेवतेय, कारण त्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती चूक नेमकी कुठे झाली हे मला आता अगदी इंचात सांगता येतं.

आधी थोडं मागचं. आम्ही लाफायेतच्या पूर्वेला राहतो, घरामागून एक लहान ओढा जातो तो पुढे वाइल्डकॅट क्रीकला मिळतो आणि वाइल्डकॅट पुढे वाबॅश नदीला. अर्धा एकर जागा मी स्वतः करते, स्वीट कॉर्न, भोपळे, थोडी मेथी-कोथिंबीर, आणि कोंबड्या. ऑगस्टमध्ये कणीस चिकात आलं की रॅकून उतरतात, एका रात्रीत ओळच्या ओळ आडवी, एक कणीस धड खाणार नाहीत, चार घास घेऊन दुसरं मोडणार. माझं माहेर साताऱ्याकडे डोंगरात, तिथे रानडुकरांनी लोळवलेला मका मी लहानपणापासून बघितलाय, वडील हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर झोपायला जायचे, त्यामुळे सकाळी शेतात गेल्यावर पोटात जे होतं ते मला नवीन नाही. पण कोंबड्यांचं मात्र सहन झालं नाही. रॅकून जाळीतून हात आत घालतो, कोंबडी धरतो आणि जेवढी बाहेर येईल तेवढी ओढतो. एवढं सांगितलं पुरे. खुराड्याला पातळ जाळी होती ती काढून अर्ध्या इंचाच्या चौकटीची जाड जाळी लावली, दाराला दोन कड्या केल्या, ते काम सगळ्यात आधी केलं आणि कोणीही आधी तेच करावं.

नुकसान करणाऱ्या रॅकूनला जमीनमालक इथे सीझन नसतानाही पकडू शकतो. पण शेजारचे म्हातारे शेतकरी, ज्यांना मी मनातल्या मनात आबा म्हणते, ते म्हणाले ऑगस्टमध्ये मादीमागे पिल्लं असतात, आणि कातडं पण उन्हाळ्याचं, कशालाच उपयोगी नाही. थांब नोव्हेंबरपर्यंत, पिल्लं मोठी झालेली असतील, केस भरलेले असतील, मारलेलं जनावर वाया जाणार नाही. मला हे पटलं. परवाना काढला आणि थांबले.

ऑक्टोबरच्या शेवटी आबांनी मला तीन संध्याकाळी नुसतं ओढ्याने चालायला लावलं, ट्रॅप नाही, काही नाही, फक्त ठसे बघायचे. रॅकूनच्या पुढच्या पायाचा ठसा म्हणजे चिखलात लहान मुलाने पंजा उमटवावा तसा, पाच बोटं लांब लांब सुटी, आणि शेजारी मागच्या पायाचा लांबट ठसा. मिंकचा ठसा एवढासा, साधारण इंच-सव्वा इंचाचा, आणि ते उड्या मारत जातं म्हणून दोन-दोनच्या जोडीने, तिरपे, थोड्या थोड्या अंतरावर. मिंक म्हटलं की आपल्याकडे लग्नात देतात ते ब्लँकेट आठवतं, त्याचा या जनावराशी संबंध नावापुरता, ते पॉलिस्टरचं असतं. हे खरं मिंक आपल्या मुंगसाच्या चणीचं, गडद तपकिरी, हनुवटीला पांढरा ठिपका, मोठा नर किलो-सव्वा किलोचा, मादी त्याच्याही निम्मी-पाऊणपट. आणि रॅकून पाच किलोपासून दहा किलोपर्यंत. हा वजनातला फरक पुढे कामाला येतो.

पण आबांचं म्हणणं होतं की वजनाचं नंतर, आधी दोघं चालतात कसे ते बघ. मिंक काठाला बिलगून जातं, पाणी आणि माती मिळते त्या रेषेवरून, आणि वाटेत भोक दिसलं की डोकावल्याशिवाय पुढे जाणार नाही. झाडाच्या मुळाखालची पोकळी, उंदराचं बीळ, पुलाच्या भिंतीतली फट, सगळीकडे नाक घालणार. झाड आडवं पडलं असेल तर खालून जाणार. रॅकून त्याच झाडावरून चालत जाणार, आणि पाण्यात उतरला की वीतभर पाण्यातून रमतगमत, तोंड भलतीकडे आणि दोन्ही हात पाण्याखाली दगड चाचपडतायत. त्याचं अर्धं बघणं हातांनी चालतं. मेंदूत स्पर्शाचा जो भाग असतो त्यातली मोठी जागा रॅकूनमध्ये पुढच्या पंजांनी व्यापलेली असते, आणि हात ओले असले की त्याला अजून बारीक कळतं. मिंक भोकात शिरतं आणि रॅकून हाताने चाचपतो, मला वाटतं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे, बाकी ट्रॅप कुठला नि कितीचा हे मागाहून.

ट्रॅप होते दहा. सहा दीड नंबरचे कॉइलस्प्रिंग, पायाला धरणारे, आणि चार डॉगप्रूफ, म्हणजे खाली खुंटी असलेली उभी नळी, आत खाऊ, खाऊच्या खाली ट्रिगर. ट्रिगर दोन तऱ्हेचे मिळतात, एक ढकलला तरी सुटतो आणि ओढला तरी, दुसरा फक्त ओढल्यावर सुटतो. आम्ही फक्त ओढायचा घेतला, कारण नळीत हात घालून बोटांनी धरून ओढणं हे रॅकूनचं काम, कुत्रा-मांजर नाक घालेल फार तर, मिंकला तर त्या खाऊत रसच नाही.

नवे ट्रॅप तेलकट चकचकीत असतात. ते साबणाच्या पाण्यात उकळले, आठवडाभर दवात टाकून हलका गंज चढू दिला, आणि मग काळ्या अक्रोडाच्या साली गोळा करून जुन्या पिंपात त्या सालींच्या पाण्यात तासभर उकळले. काळं अक्रोड इथे गल्लोगल्ली पडलेलं असतं. लोखंड असं छान काळपट तपकिरी होतं की ओढ्याच्या तळाशी ठेवलं तर मलाच दिसेना. माझी बोटं तीन आठवडे काळी होती, आईला व्हिडिओ कॉलवर दिसली तर म्हणाली मेंदी बिघडली का गं, मग मी तिला सगळं सांगितलं, ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग फक्त म्हणाली, जनावराचे हाल करू नकोस. ते वाक्य मी पूर्ण आठवडा डोक्यात ठेवून होते.

आता पॅनचं. पाय पडतो ती मधली चकती म्हणजे पॅन, तिचा बोल्ट आवळला की ती सहज दबत नाही. मिंकचं सगळं वजन मिळून फार तर दोन-अडीच पौंड आणि एका पायावर त्यातला थोडाच भाग येतो, रॅकून मात्र पुढचा पाय टाकतो तो जड टाकतो. म्हणून पॅन दोन पौंडाला दबेल इतका आवळायचा. मोजायला माझ्याकडे काही साधन नव्हतं, तर इंडियन स्टोअरचं दोन पौंडाचं तूरडाळीचं पाकीट एका प्लास्टिकच्या बाटलीत ओतलं आणि ती बाटली पॅनवर अलगद टेकवायची, सुटला तर ठीक, मग मूठभर डाळ काढून पुन्हा टेकवायची, आता सुटला तर बोल्ट अजून आवळायचा. सहाही ट्रॅप असे केले, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून, त्या बाटलीला अजून जबड्यांचे वळ आहेत. माणसं ही पायरी टाळतात, म्हणतात पाण्यात काय फरक पडतो. फरक पडतो.

८ तारखेला सकाळी लावायला निघालो. पहिली जागा ओढ्याच्या वळणावर, जिथे पाणी पसरट होऊन गोट्यांवरून खळखळत जातं. आबांनी खिशातून स्वयंपाकाचं फॉइल काढलं, पॅनला घट्ट गुंडाळलं, चमकती बाजू वर, आणि ट्रॅप दोन इंच पाण्यात बसवला, जबडे हलू नयेत म्हणून खालची वाळू हाताने दाबून. खाऊ नाही, वास नाही. रॅकूनला चांदण्यात पाण्याखाली काही चमकलं की ते शिंपला आहे का मासोळी हे हाताने बघितल्याशिवाय राहवत नाही. मिंकला त्याचं काही नाही. आणि अंतर, हे महत्त्वाचं, काठापासून ट्रॅपपर्यंत त्यांनी आपल्या बुटाचं माप धरलं, एक बूट आणि वर चार बोटं. ती मधली जागा मिंकची, म्हणाले, तिला तिचा रस्ता मोकळा ठेव.

असे पाच लावले. एक आडव्या झाडाच्या टोकाला, जिथून रॅकून झाडावरून पाण्यात उतरतो तिथे, खाली नाही. पुलाखाली भिंतीला लागून जे चिंचोळं पाणी असतं ती जागा मला फार आवडली होती, आबांनी सरळ मान हलवली, ती मिंकचीच गल्ली, सोड. सहावा ट्रॅप घरी ठेवला. चारही डॉगप्रूफ काठावर वरच्या अंगाला, आत मार्शमॅलो आणि त्यावर अॅनिसचं तेल दोन थेंब. त्या तेलाला अगदी आपल्या बडीशेपेचा वास, पूर्ण ओढ्याला जेवणानंतरचा वास सुटला होता. गोड खाऊ एवढ्यासाठीच की मिंक पक्कं मांसाहारी, गोडाला फिरकत नाही, आणि मासा ठेवला की दोघंही येतात.

साखळ्यांना लांब सळईच्या खुंट्या ठोकल्या, उथळ पाण्यातच. बरेच जण रॅकून लवकर बुडावा म्हणून खोल पाण्याकडे सरकणारी तार लावतात, पण मग चुकून काही दुसरं अडकलं तर ते सोडून द्यायची संधीच राहत नाही. शिवाय या ओढ्यात आता पाणमांजरं पण आहेत. इंडियानातून ती पार संपली होती, १९९५ ते १९९९ मध्ये लुइझियानातून ३०३ आणून सोडली, आणि ती इतकी वाढली की २०१५ पासून त्यांचाही मर्यादित सीझन सुरू झाला, तो पण १५ नोव्हेंबरपासूनच. आबांनी पहिलं पाणमांजर या ओढ्यात बघितलं त्या दिवसाबद्दल ते असे बोलतात जसं घरात नातू झाला.

९ तारखेला पहाटे पहिला रॅकून, डॉगप्रूफमध्ये. मोठा नर. बॅटरीचा झोत पडला तेव्हा तो बसून होता, हात नळीत, माझ्याकडे बघत. आबांनी लहान बोअरच्या, पॉइंट बावीसच्या रायफलने एका गोळीत संपवलं, मला म्हणाले पुढचं तुला करायचंय, आणि पुढचे मीच केले. हे सोपं नाही, पण दिवस उजाडायच्या आत पोचायचं, वाट बघायला लावायची नाही आणि हात थरथरू द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात असतं. कायदा म्हणतो चोवीस तासांत एकदा बघा, मी मनाने दोनदा जायचे, रात्री दहाला आणि पहाटे.

१० तारखेला काहीच नाही. आणि इथे माझी चूक. दुपारी मी एकटीच गेले, सहावा ट्रॅप घेऊन. काठाला एक सुंदर उभी मातीची भिंत होती, पाण्याला लागून, तिथे आबांच्या जुन्या फोटोंत बघितलं होतं तसं मी फावड्याने भोक पाडलं, आत तिरपं वर जाणारं, मनगट जाईल एवढं, आत माशाचा तुकडा खोवला आणि ट्रॅप भोकाच्या तोंडाशी. याला पॉकेट सेट म्हणतात आणि रॅकूनला ती चांगलीच आहे, पण त्या एका जागेत मी सगळं एकत्र केलं होतं, भोक, मासा, आणि काठापासून शून्य अंतर. पॅन तेवढा आवळलेला होता, मला वाटलं तो पुरेल.

११ तारखेला पहाटे त्यात मिंक होतं. मेलेलं. पाणी इतकं गार होतं की एवढ्याशा जिवाला तासाभराचंही आयुष्य मिळालं नसेल. मादी होती. मी तिला हातात घेतलं, माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत जेमतेम आली. केसांवर पाणी ठरत नव्हतं, झटकलं तर थेंब उडून गेले आणि खालची लव कोरडी, हनुवटीचा ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा. कस्तुरीसारखा पण उग्र वास हाताला लागला तो दिवसभर गेला नाही. नुसता पाय पडला नव्हता, भोकात जाताना ती सगळीच छातीने पॅनवर पडली होती, म्हणून दोन पौंडाचा हिशोब तिथे चाललाच नाही. एका पायाखाली पॅन टिकतो, पूर्ण अंग लोटलं तर टिकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी आबांकडे गेले आणि दाखवलं. ते रागावले नाहीत. टोपी काढून हातात धरली, मला फोन करायला लावला, कन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, मी स्वतः सांगितलं काय झालं, कुठे झालं, कुठला ट्रॅप. दुपारी ऑफिसर येऊन जनावर घेऊन गेले. मग आम्ही दोघं त्या भिंतीपाशी गेलो, मी तो ट्रॅप काढला आणि भोक मातीने भरलं, दगड बसवला, नाहीतर तिथे मिंक येतच राहिली असती.

त्या संध्याकाळी मी सगळे ट्रॅप पुन्हा एकदा बघितले. दोन ठिकाणी ओढ्याचं पाणी आटून काठ पुढे सरकला होता, म्हणजे लावताना चौदा इंच असलेलं अंतर आता आठ झालं होतं, ते पुन्हा आत सरकवले. काठ एका जागी थांबत नाही, आपण ज्या दिवशी मोजलं त्या दिवसाचंच ते माप. १२ ला फॉइलवर दोन रॅकून, दोन्ही पुढच्या पायाने. १२ च्या रात्री पाऊस झाला, ओढा हातभर चढला, पहाटे फॉइलवाल्या ट्रॅपवरून गढूळ पाणी नुसतं वाहत होतं, रॅकून वरून पोहून गेला असणार, काठावरच्या नळीत मात्र एक होता. पाणी उतरलं तसे दुपारी सगळे पाचही पुन्हा मांडले, वाळू धुवून गेली होती म्हणून खाली चपटे दगड देऊन.

बाकी कामं भराभर सांगते. रॅकूनच्या विष्ठेत गोलकृमीची अंडी असतात, माणसाला वाईट बाधतात, त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही आणि सोलल्यावर फळ्या उकळत्या पाण्याने धुवायच्या. सोलायला आबांनी शिकवलं, चरबी खरवडायला मनगट मोडतं. कातड्यांना सध्या भाव नाही म्हणाल तरी चालेल, पण माझी मी विकली नाहीतच, हिवाळी टोपीला कमावून घेतलीत. मांस रस्त्यापलीकडचं एक वयस्क जोडपं घेऊन गेलं, ते लोक मंद आचेवर भाजून खातात, लहानपणापासूनची सवय.

१४ तारखेला पहाटे दव गोठून पांढरं झालं होतं. पहिल्या वळणावरच्या ट्रॅपमध्ये एक रॅकून, आडव्या झाडापाशी एक, आठवड्याचे मिळून सहा. पुढे तिसऱ्या ट्रॅपपाशी आले, तो रिकामा, फॉइल तसंच चमकत होतं. आणि काठाच्या ओल्या मातीत ठसे. दोन-दोनच्या जोडीने, तिरपे, ताजे, कडेला बर्फाची साय सुद्धा धरली नव्हती. वरच्या अंगाने आले होते, ट्रॅप आणि काठ यांच्या मधल्या पट्टीतून गेले होते, जरा सुद्धा न थांबता, आणि पुढे मुळांच्या पोकळीत वळले होते. मी आबांना हाक मारली. त्यांनी गुडघा टेकून ठशात दोन बोटं ठेवून बघितली आणि म्हणाले, नर आहे, मोठा आहे.

मी टेपने मोजलं. काठापासून ठसे साडेतीन इंच, ट्रॅप तेरा.

दुसऱ्या दिवशी १५ होती, मिंकचा सीझन उघडणार होता. आबांनी विचारलं, हा आता काठाला सरकवायचाय का, उद्यापासून चालतं. मी नको म्हटलं. फॉइल चुरगळलं होतं ते बदललं आणि ट्रॅप होता तिथेच परत दाबून बसवला.